जोन ऑफ आर्कचा खटला: १४३१ची शिक्षा १४५६मध्ये रद्द कशी ठरली

३० मे १४३१ रोजी फ्रान्समधल्या रूआँ शहराच्या जुन्या बाजारचौकात एकोणीसएक वर्षांच्या मुलीला धर्मन्यायालयाच्या निकालावरून जिवंत जाळण्यात आले. ७ जुलै १४५६ रोजी त्याच शहरात दुसऱ्या धर्मन्यायालयाने तो निकाल रद्दबातल ठरवला. १६ मे १९२० रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तिला संत घोषित केले. या तीन तारखा बहुधा एका दमात सांगितल्या जातात: चर्चने जाळले, मग चूक कबूल केली आणि संत केले. इतके सरळ ते झालेले नाही. १४५६च्या निकालात तिच्या संतपणाबद्दल एक अक्षर नाही. १९२०च्या घोषणेत तिला हुतात्मा म्हटलेले नाही. आणि १४५६चा निकाल टिकला तो १४३१च्या न्यायाधीशांनी स्वतःच जपून ठेवलेल्या कागदांमुळे. हे प्रकरण मुळात कागदपत्रांचे आहे, म्हणून त्याच अंगाने ते इथे मांडले आहे.

अटकेपर्यंत

लढाईची गोष्ट सर्वांना माहीत असते, त्यामुळे थोडक्यात. जोनचा जन्म १४१२च्या सुमारास म्यूझ नदीकाठच्या दोंरेमी गावी, खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याच्या घरी झाला. १४२०च्या त्र्वा तहाने फ्रान्सच्या राजपुत्राला, म्हणजे पुढच्या सातव्या चार्ल्सला, वारसाहक्कातून बाजूला काढले होते आणि गादी इंग्लंडच्या राजघराण्याला देऊ केली होती. तेराव्या वर्षापासून आपल्याला संत मायकेल, संत कॅथरिन आणि संत मार्गारेट यांचे आवाज ऐकू येतात असे ती सांगे. फेब्रुवारी १४२९मध्ये ती वोकुलरहून निघाली आणि शिनोंच्या किल्ल्यात राजपुत्राला भेटली. सैन्य हाती देण्याआधी प्वातिए इथे धर्मपंडितांनी तिला सुमारे तीन आठवडे तपासले. तिच्यात श्रद्धेविरुद्ध काही नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. २९ एप्रिलला ती वेढलेल्या ऑर्लेआँमध्ये शिरली, ७ मे रोजी बाण लागून जखमी झाली आणि ८ मे रोजी इंग्रजांनी वेढा उठवला. १७ जुलैला रँसच्या कॅथीड्रलमध्ये चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. सप्टेंबरात पॅरिसवरचा हल्ला फसला, मांडीत बाण लागला. २३ मे १४३० रोजी कोंपिएन्यच्या वेशीबाहेर इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या बर्गंडीच्या सैनिकांनी तिला पकडले.

योद्धा म्हणून तिची भूमिका नेमकी काय होती, हे तिने स्वतःच न्यायालयात सांगितले आहे. तलवारीपेक्षा आपले निशाण आपल्याला चाळीसपट प्रिय, ते आपण स्वतः हातात धरत असू ते कुणाला मारावे लागू नये म्हणून, आणि आपण कुणालाही ठार केलेले नाही. हे उत्तर २७ फेब्रुवारी १४३१च्या नोंदीत आहे, आणि नोंद तिच्या शत्रूंची आहे.

ताबा कुणाचा, पैसा कुणाचा

युद्धकैदी खंडणी भरून सोडवला जाई. चार्ल्सने तिच्यासाठी खंडणी देऊ केल्याचे काही दिसत नाही. इंग्रजांनी मात्र दिली: १०,००० लिव्र तुर्न्वा (त्या काळचे फ्रेंच चलन), नॉर्मंडीत लावलेल्या करातून. व्यवहार जुळवला तो बोव्हेचे बिशप पिएर कोशों यांनी. त्यांची पावती उपलब्ध आहे. १ मे ते सप्टेंबरअखेर १५३ दिवस, रोज १०० सू (२० सूंचा एक लिव्र) प्रमाणे ७६५ लिव्र. या रकमेत जोनच्या सौद्यासाठी केलेला प्रवासही धरलेला आहे. खटल्याचा मुख्य न्यायाधीश खटल्याआधी त्याच कामाचा मेहनताना एका पक्षाकडून घेत होता. याच बिशपना १४२९मध्ये, जोनच्या मोहिमेनंतर बोव्हे शहर चार्ल्सकडे गेल्यावर, आपले आसन सोडून पळावे लागले होते. अशा माणसाने या आरोपीचा न्याय करायला बसणे हाच पहिला दोष.

कोशोंचा अधिकाराचा दावा असा: कोंपिएन्य आपल्या धर्मप्रांतात येते, आरोपी तिथे पकडली गेली, म्हणून खटला आपला. पण खटला चालवायचा होता रूआँमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत. तिथले आर्चबिशपपद रिकामे होते. २८ डिसेंबर १४३०ला कॅथीड्रलच्या धर्ममंडळाकडून जागा वापरण्याची परवानगी घेण्यात आली. कागद पूर्ण झाला. गुन्हा मात्र बोव्हेच्या हद्दीत घडल्याचे कधी दाखवले गेले नाही, आणि तिचे गाव तर दुसऱ्याच धर्मप्रांतात होते. त्यात आणखी एक पेच. प्वातिएच्या तपासणीवर रँसच्या आर्चबिशपांची देखरेख होती आणि बोव्हेचा धर्मप्रांत रँसच्याच अखत्यारीत येत असे. वरिष्ठाच्या मंडळाने निर्दोष ठरवलेल्या व्यक्तीवर कनिष्ठ बिशप पुन्हा खटला चालवत होता. जोन न्यायालयात वारंवार सांगत राहिली की हे प्वातिएच्या वहीत लिहिलेले आहे, तिथे बघा. ती वही रूआँत कधी मागवली गेली नाही, आणि पुढे ती कायमची नाहीशी झाली.

३ जानेवारी १४३१ रोजी इंग्लंडचा बाल राजा सहावा हेन्री याच्या नावाने निघालेले पत्र या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद म्हणावा लागेल. त्यात जोनला कोशोंच्या हवाली करण्याचा हुकूम आहे. पुढे असेही आहे की धर्माच्या बाबतीत ती दोषी ठरली नाही तर तिला परत ताब्यात घेण्याचा आमचा हक्क राखून ठेवला आहे. सुटका हा पर्यायच शिल्लक नव्हता, आणि हे न्यायालयाने स्वतःच्या नोंदवहीत चिकटवून ठेवले.

कामकाज कसे चालायला हवे होते आणि कसे चालले

पाखंडाच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध जाण्याच्या, खटल्याची पद्धत त्या काळी पक्की ठरलेली होती. आधी आरोपीबद्दल लोकांत वाईट बोलवा आहे हे चौकशीने सिद्ध करायचे. मग बिशप आणि धर्मतपासनीस (इन्क्विझिटर) या दोघांनी मिळून चौकशी करायची. आरोपीला चर्चच्या कोठडीत ठेवायचे, आणि ती स्त्री असेल तर पहाऱ्यावर स्त्रिया. आरोपी २५ वर्षांखालची असल्याने सल्लागार द्यायचा. पोपकडे दाद मागितली तर काम थांबवायचे. शेवटी दोषी पुन्हा पाखंडात पडला तर त्याला दिवाणी, म्हणजे चर्चबाहेरच्या राजसत्तेच्या, स्वाधीन करायचे आणि मृत्युदंड त्या सत्तेच्या न्यायाधीशाने द्यायचा.

यातली जवळजवळ प्रत्येक पायरी चुकली. दोंरेमीच्या परिसरात चौकशीला माणसे पाठवली होती. पुढे १४५६मध्ये त्यांच्यातल्या एकाने, निकोला बायी याने, स्वतः जबानी दिली. चौकशीत तिच्याविरुद्ध काही निघाले नाही. रूआँच्या एका रहिवाशाने साक्षीत सांगितले की लोरेनहून आलेला एक प्रतिष्ठित गृहस्थ त्याला म्हणाला होता: माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल सापडू नये असे काहीच तिच्याबद्दल सापडले नाही. या चौकशीचे कागद मूळ खटल्यात जोडलेले नाहीत. खटल्याचा पायाच गैरहजर होता. इंग्रज राजप्रतिनिधीची पत्नी, बेडफर्डची डचेस, हिच्या देखरेखीखाली तिच्या कौमार्याची तपासणी झाली आणि निष्कर्ष तिच्या बाजूने निघाला. तोही नोंदीत नाही.

धर्मतपासनीसांचे प्रतिनिधी झां ल मेत्र पहिल्यापासून अंग काढत होते. आपला अधिकार फक्त रूआँ धर्मप्रांतापुरता आहे, बोव्हेच्या नावाने चाललेल्या खटल्यात आपण बसू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वरून खास हुकूम आल्यावर १३ मार्चला ते सामील झाले. तोपर्यंत सगळ्या खुल्या बैठका उरकल्या होत्या.

तिला ठेवले होते इंग्रजांच्या बूव्रॉय किल्ल्यात. पायात बेड्या, रात्री त्या बेड्या साखळीने लाकडाच्या जाड ओंडक्याला अडकवलेल्या. न्यायालयाचा हुजऱ्या झां मास्यू याच्या जबानीप्रमाणे पहाऱ्याला पाच इंग्रज शिपाई, रात्री त्यातले तीन कोठडीच्या आत आणि दोन दाराबाहेर. पुरुषी वेश हा पुढे तिच्यावरचा मुख्य आरोप झाला. तो वाचताना ही कोठडी डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. गाठींनी आणि नाड्यांनी घट्ट बांधलेली तुमान हा तिथे तिचा एकमेव आडोसा होता. गरजेपोटी स्त्रीने पुरुषी कपडे घातले तर पाप लागत नाही, असे थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी दीडशेहून अधिक वर्षे आधी लिहून ठेवले होते. पॅरिस विद्यापीठाच्या पंडितांना ते माहीत नसणे शक्य नाही.

२१ फेब्रुवारीला पहिली खुली बैठक झाली तेव्हा समोर चाळीसवर धर्मपंडित आणि वकील बसले होते, आणि ती एकटी. २४ फेब्रुवारीला तिला विचारले गेले: तू देवाच्या कृपेत आहेस का? हा सापळा होता. 'हो' म्हटले तर अहंकार, 'नाही' म्हटले तर गुन्ह्याची कबुली. तिचे उत्तर: नसेन तर देवाने मला तिथे आणावे, असेन तर तिथेच ठेवावे. मंडळातल्या एका सदस्याने हा प्रश्न फार अवघड आहे, याचे उत्तर द्यायला ती बांधील नाही, असे सुचवले होते. त्याला गप्प करण्यात आले.

नॉर्मंडीतले नामांकित कायदेपंडित झां लोइये यांना खटल्याचे कागद दाखवून मत विचारले गेले. त्यांचे उत्तर नोटरी गियोम मांशोंने पुढे जबानीत सांगितले: हा खटला चालण्याजोगा नाही. जागा बंदिस्त, तिथे कुणी मोकळेपणी बोलू शकत नाही. फ्रान्सच्या राजाची अब्रू यात गुंतलेली आहे, पण त्याला बोलावलेले नाही. मुलीला ना आरोपांची प्रत दिली ना सल्लागार. लोइयेंनी आणखी एक गोष्ट हेरली होती. आवाजांबद्दल ती 'मला खात्री आहे' असे म्हणते. त्याऐवजी 'मला असे वाटते' एवढे म्हणाली असती तर कुणालाच तिला दोषी ठरवता आले नसते. हे मत दिल्यावर लोइये रूआँमध्ये थांबले नाहीत. निकोला द हूपव्हिल नावाच्या दुसऱ्या एका धर्मगुरूंनी असाच आक्षेप घेतला, त्यांना तुरुंगात टाकले. बाकीच्यांना काय ते समजले.

सत्तरची बारा कलमे

धर्मन्यायालयाचा फिर्यादी झां देस्तिव्हे याने ७० कलमांचे आरोपपत्र केले. २७ आणि २८ मार्चला ते तिला वाचून दाखवले आणि प्रत्येक कलमावर तिचे उत्तर घेतले. मग त्या सत्तरांतून बारा कलमांचा सारांश तयार झाला. पॅरिस विद्यापीठाकडे आणि इतर पंडितांकडे मतासाठी गेले ते हे बारा कलमांचे पान. मूळ प्रश्नोत्तरे गेलीच नाहीत. ही बारा कलमे आरोपीला कधी वाचून दाखवली गेली नाहीत.

घात इथे झाला, असे आमचे स्पष्ट मत आहे. चर्चच्या अधीन राहायला ती तयार नाही, असे सारांशात होते. प्रत्यक्ष उत्तरांत ती पुन्हा पुन्हा म्हणते की मला पोपकडे न्या, मी तिथे उत्तर देईन. पंडितांपुढे दुसरी बाजू आलीच नाही. त्यामुळे विद्यापीठाने दिलेले कडक मत हे जोनबद्दलचे मत नव्हतेच, ते त्या बारा कलमांबद्दलचे होते.

याचा पुरावा इतका छोटा आहे की हातून सहज निसटला असता. रद्दीकरणाच्या सुनावणीत मांशोंला त्याच्याच हस्ताक्षरातला ४ एप्रिल १४३१चा एक टिपणाचा कागद दाखवण्यात आला. ही कलमे नीट रचलेली नाहीत, तिच्या उत्तरांशी जुळत नाहीत, म्हणून दुरुस्त करावीत, असे त्यावर होते, आणि दुरुस्त्याही लिहिलेल्या होत्या. मग त्या केल्या का नाहीत, असे विचारल्यावर मांशोंला सांगावे लागले की कलमे दुरुस्तीशिवायच पाठवली गेली. न्यायालयाला चूक माहीत होती, तारखेनिशी माहीत होती.

९ मे रोजी किल्ल्याच्या मोठ्या बुरुजात तिला छळाची हत्यारे दाखवली. तुम्ही माझे हातपाय उपटले तरी मी दुसरे काही सांगणार नाही, आणि सांगितलेच तर ते जबरदस्तीने वदवले असे नंतर म्हणेन, हे तिचे उत्तर. १२ मे रोजी छळ करावा का यावर मते घेतली. तिघेच बाजूने होते.

२४ ते ३० मे

२४ मे रोजी सेंत्-ऊआँच्या मठाच्या दफनभूमीत तिला उभे करून प्रवचन झाले आणि शिक्षेचे वाचन सुरू झाले. तिने तिथे उघडपणे पोपकडे दाद मागितली. पोप फार लांब आहेत, बिशप आपापल्या हद्दीत न्यायाधीश असतात, असे सांगून ती मागणी फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने खटला इथेच थांबायला हवा होता. मग एका कागदावर तिची खूण घेतली गेली. हा तो शरणागतीचा कागद. त्या वेळी हजर असलेल्यांच्या जबान्यांत कागदाची लांबी सहा ते आठ ओळी अशी येते, एकाने ती प्रभूच्या प्रार्थनेएवढी सांगितली. अधिकृत नोंदीत जोडलेला मजकूर त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. तिने खूण केली तो कागद आणि नोंदीतला कागद एक नाही, असेच यातून दिसते.

तिला जन्मठेप झाली. आता तरी मला चर्चच्या कोठडीत न्या, या इंग्रजांच्या हाती ठेवू नका, असे ती म्हणाली. कोशोंनी सांगितले, जिथून आणली तिथेच न्या. बाईचे कपडे घातलेली मुलगी पुन्हा त्याच कोठडीत, त्याच शिपायांत. चार दिवसांत ती पुरुषी वेशात आढळली. २८ मेच्या नोंदीत तिची कारणे आहेत: पुरुषांत राहताना हाच वेश बरा, शिवाय मिस्सा (चर्चमधली उपासना), ख्रिस्तप्रसाद आणि बेड्या काढणे ही वचने पाळली गेली नाहीत. नंतरच्या जबान्यांत याहून भयंकर गोष्टी आहेत. मास्यू म्हणतो शिपायांनी तिचे बाईचे कपडे काढून नेले. फादर मार्तें लाद्वनू म्हणतात तिच्यावर जबरदस्तीचा प्रयत्न झाला. त्याच २८ मेच्या नोंदीत आवाज पुन्हा आले, जीव वाचवण्यासाठी खूण करून आपण चूक केली, असे ती म्हणते. त्या ओळीशेजारी समासात नोटरीने लॅटिनमध्ये दोन शब्द लिहिले आहेत. त्यांचा अर्थ, जीवघेणे उत्तर.

२९ मे रोजी जमलेल्या बहुतेक पंडितांनी मत दिले की शरणागतीचा मजकूर तिला पुन्हा वाचून समजावून सांगावा आणि मगच पुढे जावे. कोशोंनी मते नोंदवून घेतली आणि ती बाजूला ठेवली. ३० मेच्या सकाळी तिने पापनिवेदन केले आणि कोशोंच्याच परवानगीने तिला ख्रिस्तप्रसाद दिला गेला. पुन्हा पाखंडात पडलेली म्हणून काही तासांत बहिष्कृत करून जाळायची ती हीच मुलगी. धर्मशास्त्राच्या कोणत्याही हिशेबात या दोन कृती एकत्र बसत नाहीत.

चौकात धर्मन्यायालयाने तिला दिवाणी सत्तेच्या हवाली केले आणि ती थेट जल्लादाच्या हाती गेली. दिवाणी न्यायाधीशाने शिक्षा सुनावलीच नाही. तिला कायदेशीर मृत्युदंड कुणी दिला, याचे उत्तर नोंदीत नाही. राख सेन नदीत टाकली, कुणी अवशेष जपू नयेत म्हणून.

नोंदवही

मांशों आणि त्याचे सोबती रोज सकाळी फ्रेंचमध्ये टिपणे घेत आणि दुपारी ती ताडून पाहत. शिक्षेनंतर तोमा द कुर्सेल या विद्यापीठाच्या पंडिताने मांशोंच्या मदतीने त्यांचे लॅटिन केले. पाच अधिकृत प्रती झाल्या, पानोपानी नोटरींच्या सह्या. त्यातल्या तीन आजही आहेत. फ्रेंच टिपणांचाही काही भाग नकलांतून उरला आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पडताळणी करता येते. २७ मार्चला सत्तर कलमे कुर्सेलने वाचली असे फ्रेंचमध्ये आहे, लॅटिनमध्ये त्याचे नाव गळले आहे.

रद्द करण्याची वाट

नोव्हेंबर १४४९मध्ये चार्ल्स रूआँत शिरला आणि कागद त्याच्या हाती आले. त्याला हे प्रकरण मिटवायची गरज होती. ज्या मुलीने आपला राज्याभिषेक घडवला ती पाखंडी, हा डाग गादीलाही लागत होता. १५ फेब्रुवारी १४५०ला त्याने धर्मपंडित गियोम बुइये यांना चौकशीचा हुकूम दिला. ४ आणि ५ मार्चला सात साक्षी झाल्या आणि काम तिथेच अडले. राजाची चौकशी धर्मन्यायालयाचा निकाल उलटवू शकत नाही. १४५२मध्ये पोपचे दूत कार्डिनल देस्तूतव्हिल आणि फ्रान्सचे धर्मतपासनीस झां ब्रेआल यांनी रूआँत दुसरी चौकशी केली. प्रश्नावली आधी १२ कलमांची होती, ती २७ झाली. पण याही वेळी पोपची खास आज्ञा नव्हती, आणि इंग्लंडला दुखवायची रोमची तयारी नव्हती.

तोडगा निघाला तो फिर्यादी बदलून. अर्ज राजाने न करता कुटुंबाने करायचा: आमच्या मुलीवर अन्याय झाला, घराण्याची बदनामी झाली, दाद द्या. मग कोणताच राजा खटल्यात पक्षकार राहत नाही. ११ जून १४५५ रोजी पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी तीन धर्माधिकाऱ्यांना, रँसचे आर्चबिशप आणि पॅरिस व कूतांसचे बिशप यांना, सुनावणीचा अधिकार दिला. ७ नोव्हेंबरला पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये जोनची म्हातारी आई इझाबेल रोमे मुलांच्या आधाराने उभी राहिली आणि रडत रडत अर्ज दिला. समन्स चर्चच्या दारांवर लावली गेली. कोशों १४४२मध्येच वारले होते. त्यांच्या वारसांनी कळवले की आम्हाला त्यांचा बचाव करायचा नाही, फक्त राजाच्या माफीचा लाभ आम्हाला मिळावा. कुटुंबाच्या वकिलाने १०१ कलमे मांडली. दोंरेमी, ऑर्लेआँ, पॅरिस आणि रूआँ इथे मिळून सुमारे ११५ जणांच्या जबान्या झाल्या. ब्रेआल यांनी सगळ्याचा गोषवारा दोन भागांत केला: नऊ प्रकरणे आशयाची, बारा प्रकरणे कार्यपद्धतीची. पारडे कशाने झुकले हे या वाटणीवरूनच कळते.

७ जुलै १४५६ रोजी रूआँच्या आर्चबिशपवाड्यात निकाल वाचला गेला. बारा कलमे खोटी, कपटी आणि कबुलीजबाबाशी विसंगत म्हणून फाडण्याचा हुकूम झाला. खटला आणि दोन्ही शिक्षा कपट, खोटे आरोप आणि वस्तुस्थितीच्या व कायद्याच्या उघड चुकांनी भरलेल्या म्हणून रद्दबातल ठरल्या. निकाल त्याच दिवशी सेंत्-ऊआँला आणि दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारचौकात जाहीर झाला, तिथे क्रूस उभारायचा असेही ठरले. कुणालाही शिक्षा झाली नाही. ठपका आला तो मेलेल्यांवर आणि गैरहजरांवर. पॅरिस विद्यापीठाचे नाव अलगद वगळले गेले.

त्यामुळे १४५६च्या साक्षी जपून वाचाव्या लागतात. रूआँतले बरेचसे साक्षीदार १४३१मध्ये याच मंडळात बसलेले होते, आता राजा बदलला होता आणि सगळा दोष कोशोंवर ढकलणे सोयीचे होते. छळाच्या बाजूने मत दिलेल्या कुर्सेलला सुनावणीत मोक्याचे काहीच आठवेना. दोंरेमीच्या शेतकऱ्यांना ठरावीक प्रश्न विचारले होते, म्हणून उत्तरेही एका साच्यातली आहेत: सूत कातायची, चर्चला जायची, गरिबांना द्यायची. एकच गोष्ट एकमेकांशी संबंध नसलेल्या तिघांकडून आली, किंवा १४३१च्या कागदाने तिला दुजोरा दिला, तर ती भक्कम धरावी. मांशोंचे ४ एप्रिलचे टिपण या कसोटीला उतरते. अखेरच्या क्षणांची काही हृदयद्रावक वर्णने एकेकाच साक्षीवर उभी आहेत.

संत, पण हुतात्मा नाही

पुढची चार शतके ऑर्लेआँने ८ मेचा उत्सव चालू ठेवला, बाकी चर्चमध्ये फारशी हालचाल नव्हती. १८४१ ते १८४९ या काळात झ्यूल किशेरा यांनी दोन्ही खटल्यांची कागदपत्रे पाच खंडांत छापली आणि चित्र बदलले. मूळ प्रश्नोत्तरे प्रथमच कुणालाही वाचता आली. १८६९मध्ये ऑर्लेआँचे बिशप द्युपांलू यांनी रोमकडे अर्ज केला. १८९४मध्ये पोप तेरावे लिओ यांनी प्रकरण अधिकृतपणे दाखल करून घेतले. प्रत्येक टप्प्यावर आक्षेप निघाले: कैदेत असताना बोरव्हाच्या बुरुजावरून तिने मारलेली उडी आत्महत्येचा प्रयत्न होता का, मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी पॅरिसवर हल्ला का केला, शरणागतीच्या कागदाचे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर १४५६च्या जबान्यांतूनच द्यावे लागले. १९०४मध्ये तिचे सद्गुण असामान्य कोटीचे असल्याचे मान्य झाले, १८ एप्रिल १९०९ला ती धन्य घोषित झाली आणि १९२०ला संत. १९०४मध्ये, चर्च आणि सरकार वेगळे होण्याच्या आदल्या वर्षी, तुटलेले फ्रान्स-व्हॅटिकन संबंध तेव्हा जुळत होते. फ्रेंच सरकारने त्या सोहळ्याला आपला खास प्रतिनिधी पाठवला.

तिची नोंद मात्र 'कुमारी' या वर्गात आहे. हुतात्मा ठरण्यासाठी मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलेले असावे लागते. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्या बाबतीत शंकेला जागा नव्हती. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत ख्रिस्ती असल्यामुळेच त्यांना क्रूसावर चढवले आणि १८६२मध्ये ते हुतात्मा म्हणून संत झाले. जोनला दोषी ठरवणारे सगळे ख्रिस्ती, तेही चर्चचेच लोक, आणि हेतू उघड राजकीय. श्रद्धाळू तिला हुतात्मा मानतात आणि त्या मानण्यामागची भावना समजण्याजोगी आहे. पण ३० मेच्या तिच्या सणाच्या उपासनेत तो शब्द येत नाही.

रूआँला जाणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. 'जोन ऑफ आर्क बुरूज' म्हणून जो दाखवतात तो किल्ल्याचा मुख्य बुरूज. तिथे ९ मे रोजी छळाची हत्यारे दाखवली गेली, कोठडी दुसऱ्या बुरुजात होती आणि त्याचा आता फक्त पाया उरला आहे. १४५६चा निकाल जिथे वाचला गेला त्या आर्चबिशपवाड्यात २०१५पासून तिच्यावरचे संग्रहालय आहे. अवशेष मात्र कुठेही नाहीत. १८६७मध्ये पॅरिसच्या एका औषधविक्रेत्याकडे सापडलेली आणि तिची राख म्हणून जपलेली बाटली २००७मध्ये फ्रेंच वैज्ञानिकांनी तपासून संपवली. आतली हाडे इजिप्शियन ममीची निघाली, आणि त्यांत एक मांजराचे होते.